खांदेरी-उंदेरी : उथळ पाण्याने लावलेला निकाल

खांदेरीच्या 1679 च्या लढाईबद्दल मराठीत बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक ठिकाणी तोफा, शौर्य आणि इंग्रजांची फजिती एवढ्यावरच गाडी थांबते. तोफांनी तिथे फारसं काही ठरवलं नाही. बोट किती पाण्यात तरंगते आणि वारा पडल्यावर ती वल्ह्यांवर चालते की नाही, या दोन गोष्टींनी बेट कोणाचं ते ठरवलं.

आधी जागा समजून घेऊ. अलिबागच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवर थळ. थळच्या किनाऱ्यावरून बघितलं की जवळचं, बसकं बेट ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडे दोन टेकड्यांचं, दीपगृहाचं ते खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या अंगाला ही जोडी बसलेली आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळा काढायला मुंबईत, माझगावला येऊन राहायचं. खांदेरीवर पहारा बसला की सिद्दीची ये-जा आणि इंग्रजांचं बंदर, दोन्ही एकाच टेकडीवरून दिसणार होतं. म्हणून 1672 मध्येच तिथे किल्ला बांधायचा पहिला प्रयत्न झाला आणि इंग्रज व सिद्दी दोघांनीही तो होऊ दिला नाही.

1679 चा पावसाळा सरत असताना शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांना सुमारे दीडशे माणसं देऊन बेटावर पाठवलं. इंग्रजांचं म्हणणं होतं की बेट मुंबईच्या हद्दीतलं, सोडा. मायनाकांचं उत्तर होतं की धन्याचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही. ‘मुंबईची हद्द’ हा दावा पोर्तुगीजांकडून मिळालेल्या बेटांवर उभा होता आणि तो ओढूनताणून लावलेला होता, असं माझं मत. खांदेरीवर तोवर ना इंग्रजांची वस्ती होती, ना पहारा.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी वेढा घातला. लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प शिबाडातून (शिडाच्या मालवाहू जहाजातून) बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. ऑक्टोबरमध्ये कॅप्टन केग्विनच्या हाताखाली मोठा काफिला आला: ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट (मोठं लढाऊ जहाज), दोन गुराबा (तोफांची जहाजं), तीन शिबाडं, दोन मचवे आणि दोनशेच्या आसपास गोरे शिपाई. 18 ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार किनाऱ्याकडून असं वेगात आलं की नांगरावर उभ्या असलेल्या इंग्रजी जहाजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ या गुराबेने निशाण उतरवलं, बाकीच्या लहान बोटी लांब राहिल्या आणि ‘रिव्हेंज’ एकटी लढत राहिली. शेवटी तिच्या तोफांपुढे मराठी गलबतं मागे फिरली आणि नागोठण्याच्या खाडीकडे निघून गेली. ‘रिव्हेंज’ने पाठलाग केला, पण खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यापर्यंतच. पुढे तिला पाणी पुरेना.

कागदावर हा दिवस इंग्रजांचा. पण वेढा म्हणजे रसद तोडणं आणि ती काही तुटली नाही. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं जहाज. गलबत त्याहून लहान, हलकं आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. सप्टेंबर-ऑक्टोबरात या किनाऱ्यावर रात्री-पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटतो, दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, आणि या दोन्हींच्या मधे वारा पडतो. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज ओंडक्यासारखं जागेवर डुलत राहतं, वल्ह्यांचं गलबत मात्र चालतंच. त्यात अंधार, खडकांमधलं उथळ पाणी आणि किनाऱ्यापासून तासा-दीड तासाचं वल्हवणं. रात्री माणसं, धान्य, दारूगोळा बेटावर पोचायचा आणि उजाडायच्या आत होड्या परत खाडीत. इंग्रजांना हे कळत होतं, त्यांच्या पत्रांत त्याची कुरकुर आहे. पण उथळ पाण्यात शिरतील अशा पुरेशा बोटी नव्हत्या आणि समुद्रात महिनोन्महिने जहाजं ठेवायचा खर्च कंपनीला परवडत नव्हता. 1680 च्या सुरुवातीला त्यांनी अंग काढून घेतलं.

जंजिऱ्याच्या आरमाराचा प्रमुख सिद्दी कासम जास्त हुशार निघाला. मराठ्यांकडून खांदेरी सुटत नाही म्हटल्यावर त्याने जानेवारी 1680 मध्ये शेजारचं उंदेरी धरलं आणि तिथे तटबंदी उठवायला घेतली. उंदेरी खांदेरी आणि थळ यांच्या मधे आहे, म्हणजे रसदेच्या वाटेवरच. हेच बेट आधी का धरलं नाही, हा प्रश्न मराठ्यांच्या बाजूने विचारायला हवा आणि तो फारसा विचारला जात नाही. ऑगस्ट 1680 मध्ये संभाजी महाराजांची दोनशे माणसं रात्री उंदेरीवर उतरली, पण डाव फसला आणि त्यातली बरीच मारली गेली. थळच्या किनाऱ्यावर खूबलढा किल्ल्याचे अवशेष आहेत, तो याच उंदेरीवर डोळा ठेवून बांधलेला. उंदेरी मराठ्यांच्या हाती यायला 1759 उजाडलं. तोवर या दोन बेटांनी एकमेकांकडे तोफा रोखून जवळपास ऐंशी वर्षं काढली. मधल्या काळात, 1718 मध्ये, इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांकडून खांदेरी घ्यायचा पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा हात हलवत परतले.

तारखांबद्दल एक सूचना, कारण इथे हमखास घोळ होतो. इंग्रजांची त्या वेळची पत्रं जुन्या, ज्युलियन कालगणनेत आहेत. आजच्या कालगणनेत आणायला दहा दिवस मिळवावे लागतात, म्हणजे 18 ऑक्टोबरची लढाई 28 ऑक्टोबरला पडते. शिवाय त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी 1680 चं पत्र तिथे जानेवारी 1679 म्हणून सापडतं. दोन लेखांत दोन वेगळ्या तारखा दिसल्या की लगेच कोणाला खोटं ठरवू नका, आधी दहा दिवस मिळवून बघा. (या लेखातल्या 1679-80 च्या तारखा जुन्या कालगणनेतल्या आहेत, फक्त वर्ष जानेवारीपासून धरलं आहे.)

आता बेटावर जायचं तर. थळहून कोळ्यांच्या होड्या मिळतात, पण त्या घड्याळावर सुटत नाहीत, पाण्यावर सुटतात. ओहोटीला किनाऱ्यालगतच्या होड्या चिखलात बसतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी तीच आणि संध्याकाळीही तीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघावं आणि भरतीनंतर दोन तासांच्या आत परत थळला लागावं. याचा अर्थ अष्टमीच्या आसपासचा दिवस नको, कारण भरती अगदी सकाळी किंवा दिवेलागणीला येते. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची, पण उधाणाचं पाणी जोरात ओढतं. दशमी ते द्वादशी मला सगळ्यांत बरी वाटते, सकाळी साडेसात ते नऊची भरती. पावसाळ्यात विषयच नाही. बेटावर उतरायच्या परवानगीची चौकशी निघण्याआधीच करावी, नियम बदलत असतात.

खांदेरीवर धक्का आहे, उतरायला त्रास नाही. तटाच्या बाहेर पाण्यात सुटे धोंडे पसरलेले दिसतील. लाट तटावर आदळायच्या आधी त्यांच्यावर फुटते आणि शत्रूची होडी तटाला चिकटू शकत नाही. त्या धोंड्यांवर कालवं बसलेली असतात. त्यांची धार पात्यासारखी असते, अनवाणी पाय ठेवला की तळवा चिरतोच, आणि पातळ रबरी चपलेचाही उपयोग नाही. जाड तळव्याचे बूट घाला. आत लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. अशा गाड्यांसकट तोफा आपल्याकडे क्वचितच टिकल्यात, त्यामुळे नुसती तोफ बघून पुढे जाऊ नका, चाकं बघा. कोळ्यांचा देव वेतोबा, त्याचं स्थान आहे. दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक खडक आहे, त्याच्याभोवती कायम गर्दी. दीपगृह 1867 चं. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही.

उंदेरीला धक्काही नाही. होडी खडकाजवळ हलत राहते, लाट तिला वर उचलते त्या क्षणी उडी मारायची. लाट खाली गेल्यावर मारलीत तर पाय कालवांवर. म्हणून तांडेल (होडी चालवणारा) ‘आता’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, आणि त्याने ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत न घालता परत फिरायचं.