सदतिसावा आरसा

छत्तीस आरसे आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून गोळा केले होते. बुधवार आणि रविवार, सलग तीन आठवडे. पत्र्याच्या चौकटीचे, कपाटाच्या दारातून उखडलेले, दाढीचे, आणि एक रुखवतात मांडतात तसा कडेने शिंपले लावलेला. गॅलरीत मांडणीचं काम माझ्याकडे असतं. खिळे, तारा, दिवे, पाट्या. त्यामुळे कुठल्या आरशाची पाठ किती गंजली आहे हेसुद्धा मला माहीत होतं.

कल्पना चित्रकार ताईंची. बाई तोंड धुताना कपाळावरची टिकली काढून समोरच्या आरशाला लावते. पुन्हा तीच कपाळावर चढते, नाहीतर तिथेच राहून जाते. बेसिनवरच्या आरशावर अशा चार-सहा टिकल्या नाहीत असं घर मी तरी पाहिलेलं नाही. गॅलरीत येणाऱ्याने आपली टिकली हव्या त्या आरशावर लावायची, नसेल तर दाराशी ठेवलेल्या पाकिटातली घ्यायची, एवढंच काम. टिकल्या म्हटलं की शिल्पकार भारती खेर आठवतात, २००६ साली त्यांनी हत्तीचं अख्खं शिल्प टिकल्यांनी मढवलं होतं. पण ताईंच्या मनात जपानी चित्रकार यायोई कुसामांची खोली होती. २००२ मध्ये ब्रिस्बेनला क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत कुसामांनी मुलांसाठी भिंतींपासून खुर्च्यांपर्यंत सगळं पांढरंशुभ्र करून ठेवलं आणि येणाऱ्यांच्या हातात रंगीत गोल स्टिकर दिले. बघता बघता पांढरा रंग नाहीसा झाला. आमच्याकडे लोकांचे चेहरे झाकले जाणार होते.

ताईंनी आम्हाला एकच सूचना दिली होती: कुणालाही ‘तुम्ही नाही का लावत?’ असं विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी त्याचं कारण कळलं. साठीच्या एक बाई पाकीट हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या आणि ते तसंच टेबलावर ठेवून गेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण ठराव झाला म्हणून प्रत्येकीचा हात लगेच कपाळाकडे जातोच असं नाही.

चौथ्या दिवशी एक काका आले, काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत होता साधा चौकोनी आरसा. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन टिकल्या, दोन मरून रंगाच्या मखमली आणि एक अगदी बारीक काळी. “ही शेवटची,” काळीवर बोट न टेकवता ते म्हणाले, “मोठी लावली की खाज यायची तिला, आजारपणात.” कामाच्या मावशींना त्यांनी आरशाचा खालचा अर्धा भागच पुसायला सांगितलं होतं, सहा वर्षं. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घरात मालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हता.

“तुमच्याकडे भिंती आहेत,” ते म्हणाले. “प्रदर्शन असेपर्यंत ठेवाल का? फक्त यावर कुणी काही लावायचं नाही.”

ताई गप्प झाल्या. सगळ्या मांडणीचा अर्थच हा की कुणीही कुठेही लावावं. मला मात्र तो आरसा आत यायलाच हवा होता आणि मी तसं बोलले. बाकीचे छत्तीस आरसे आम्ही पुसून, कोरे करून टांगले होते. त्यांच्यावर आधी कुणाच्या टिकल्या होत्या ते आम्हीच घालवलं होतं. ताईंनी मान हलवली. शेवटच्या भिंतीवर मी तो लावला, काकांच्या घरी होता त्याच उंचीवर, त्यांनी हात धरून दाखवली तिथे. खाली पाटी: ‘कृपया या आरशावर टिकली लावू नये.’

शनिवारी दुपारी भरपूर गर्दी होती. मी दिवा बदलत शिडीवर होते. खाली उतरले तर त्या आरशावर चौथी टिकली. हिरवी, चमकीची, काळीच्या शेजारी, मध्ये नखभर अंतर. समोर पाच वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसून स्वतःला न्याहाळत होती. तिला वाचता येत नव्हतं. वडील फोनवर होते. चूक माझीच होती. पाटी लावली की काम झालं असं मी धरून चालले होते.

मी काकांना फोन केला. ते रिक्षाने आले. तोवर तिथे बरेच जण जमले होते, मुलीची आई पुन्हा पुन्हा माफी मागत होती. सगळ्यांच्या तोंडावर एकच अपेक्षा दिसत होती की काका आता ‘राहू दे, लेकरू आहे’ म्हणतील. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं, कारण ती टिकली काढायची मला भीती वाटत होती.

काकांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “काढा.”

आवाज चढलेला नव्हता. त्या क्षणी मला त्यांचा फार आदर वाटला.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरला असता तर तो ओघळून काळीखाली शिरला असता. म्हणून हेअर ड्रायर मंद करून लांबून धरला. काकांनी पोस्टकार्डाचा तुकडा काळीवर आडवा धरला, ऊब तिला लागू नये म्हणून. त्यांचा हात हलत होता, पोस्टकार्ड मात्र जागचं हललं नाही. दातांत फिरवायचा दोरा मी हिरवीच्या कडेखाली घातला आणि करवतीसारखा पुढेमागे नेत गेले. काळीची एक कड आधीच वळली होती, तिच्याखाली पावडरीचा पांढरा कण अडकलेला दिसत होता. गॅलरीत एवढी माणसं होती, पण ड्रायरचाच काय तो आवाज. पाच-सात मिनिटांनी हिरवी सुटली. डिंक काचेवरच राहिला, तो मी बोटाने गोळी करत करत उचलला.

काकांनी ती टिकली माझ्या दोऱ्यावरून आपल्या तर्जनीवर घेतली. मुलगी आईच्या ओढणीमागे लपली होती. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, वेळ लागला त्यांना.

“ही तुझी ना? कुठे लावायची, सांग.”

तिने शिंपल्यांचा आरसा दाखवला. काकांनी तिथे टिकली दाबली, हात काढला, ती खाली पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली.

“हिला डिंकच उरला नाही, ताई,” ते मला म्हणाले.

मी फेविकॉल आणायला आत पळाले.