कार्डावरचं नाव, पासबुकावरचं नाव

क्योतो, एप्रिलचा पहिला आठवडा

जपानला शिकायला आलेल्या मराठी मुलाला पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त छळतं ते त्याचं स्वतःचं नाव. विमानतळावर हातात पडणाऱ्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे रहिवासी ओळखपत्रावर, ते पासपोर्टाप्रमाणे रोमन लिपीत असतं: आडनाव, आपलं नाव, मग वडिलांचं. काताकाना, म्हणजे परदेशी नावं लिहायची जपानी लिपी, त्यावर नसते. पण बँक, फोन, विमा, सगळ्या फॉर्मांवर फुरिगानाचा, म्हणजे नावाचा उच्चार काताकानात लिहायचा, रकाना असतो, आणि तो आपणच भरायचा.

कुलकर्णीचं ‘कुरुकारुनि’ होतं, कारण जपानीत ल नाही आणि ळ तर नाहीच. त्याने काही बिघडत नाही. घोटाळा करतात ती विठ्ठलसारखी नावं. एका फॉर्मवर ‘वि’ पडतं, दुसऱ्यावर ‘बि’. बँकेत पैसे येतात ते खातेदाराच्या काताकाना नावावर. एखादं अक्षर इकडचं तिकडे असलं तर शिष्यवृत्ती किंवा बाइतोचा, म्हणजे अर्धवेळ कामाचा, पगार अडकतो, नाहीतर परत जातो. हानकाकु, म्हणजे अर्ध्या रुंदीची अक्षरं मागणाऱ्या फॉर्मात आणखी एक गंमत: ग, ज, द, ब यांच्या डोक्यावरची टिंबांची जोडी वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. वडिलांच्या नावापर्यंत पोहोचेस्तोवर रकाना संपतो. म्हणून घरून निघतानाच एक रूप ठरवून वहीत लिहावं. खातं उघडल्यावर त्यावर नाव कसं नोंदलंय ते बघावं आणि पुढे सगळीकडे तस्सं उतरवावं.

बाइतोच्या परवान्याचा अर्ज विमानतळावरच द्यावा, नाहीतर इमिग्रेशनला वेगळी खेप पडते. मुभा आठवड्याला २८ तासांची, लांब सुट्टीत दिवसाला ८ तासांची. खोली मिळाल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. त्याच खेपेत राष्ट्रीय आरोग्य विमा उरकावा. दवाखान्यात मग बिलाचे ३० टक्केच भरावे लागतात. उत्पन्न नसल्याचं लिहून दिलं की हप्ताही कमी होतो. काउंटरवर कुणी आठवण करेल याची वाट बघू नये. वयाची वीस वर्षं झाली असतील तर पेन्शन योजनेत पैसे भरणंही आलंच. विद्यापीठातल्या मुलांना तिचा हप्ता पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी दरवर्षी नव्याने अर्ज लागतो.

बँक जपानी फोन नंबर मागते, फोनवाले बँक खातं मागतात. हा पेच सोडवायला आधी परदेशी क्रेडिट कार्डावर मिळणारं सिम घ्यावं. येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका दारातूनच वळवतात, म्हणून बहुतेकांचं पहिलं खातं युचोत, पोस्टाच्या बँकेत, निघतं.

कचऱ्याचं मात्र नीट शिकून घ्यावं. क्योतोत जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीतच टाकायचा, आणि ती विकत घ्यायची: लिटरला एक येन, म्हणजे ४५ लिटरची ४५ येनला. डबे, बाटल्या आणि प्लास्टिक पारदर्शक पिशवीत. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून प्लास्टिकमध्ये, बाटली विसळून वेगळी. पिशवी त्या दिवशी सकाळी आठच्या आत बाहेर ठेवायची आणि वर जाळी ओढायची. नाहीतर कावळे येतात, आणि पिशवीतलं खरकटं त्यांना लवकर दिसतं. चुकीची पिशवी गाडीवाला नेत नाही, सूचनेचं स्टिकर लावून जागेवरच सोडतो. शेजाऱ्यांना ती कुणाची हे बरोबर कळतं.

मिक्सर मात्र घरीच ठेवावा. इथली वीज १०० व्होल्टची, त्यावर आपला २३०चा मिक्सर धड फिरत नाही. खोबरं वाटायचं सोडाच. खोलीत इंडक्शनची शेगडी असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. आणायचा तर स्टीलचा, आणि तोही बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहून. राइस कुकरचा कप १८० मिलीचा, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. इथला भात चिकट होतो. आंबेमोहोरवाल्यांचं जमून जातं, कोलमवाल्यांची पंचाईत. दहीभाताला मात्र झकास.