तुम्ही विचारलंत म्हणून: कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसवावा का?

इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या गाडीचा मालक भेटला की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो: "मूळ ८८ अंशांचा थर्मोस्टॅट काढून ७१ अंशांचा बसवला, तर इंजिन थंड राहील ना?" त्यावर मी उलट विचारतो, की तापमानाचा काटा नेमका कधी चढतो? गाडी जागेवर उभी असताना, की सलग जोरात पळवल्यावर?

कारण थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा राखतो, वरची नव्हे. त्याच्या धातूच्या डबीत मेण असते. ते तापून वितळले की फुगते, दांडा ढकलते आणि झडप उघडून कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे वाट मिळते. त्यावर कोरलेला आकडा झडप उघडू लागण्याचा असतो. ती पूर्ण उघडायला साधारण आणखी १० ते १५ अंश लागतात. म्हणजे कूलंट १०५ अंशांवर गेले असेल तेव्हा दोन्ही थर्मोस्टॅट सताड उघडलेले असतात आणि पुढचे सारे रेडिएटर, पंप, फॅन आणि समोरून येणारा वारा यांच्या हाती असते. त्यामुळे ट्रॅकवर चौथ्या फेरीला काटा लाल पट्ट्याकडे सरकत असेल, तर कमी आकड्याचा थर्मोस्टॅट तो क्षण फार तर थोडा लांबवील. उभ्या गाडीचे दुखणे तर निराळेच: फॅन ९५ अंशांना सुरू होत असेल, तर थर्मोस्टॅट कोणताही असो, तापमान तिथवर जाणारच. फॅनची वेळ अलीकडे आणली नाही, तर थर्मोस्टॅट बदलण्याला फारसा अर्थ उरत नाही.

मग फायदा कुठे आहे? तो नॉकिंगच्या बाबतीत आहे. टर्बोचे किंवा जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन जोर लावते तेव्हा सिलिंडर हेड जितके गरम, तितके इंधन-हवेचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेट घेण्याची शक्यता जास्त. हेच नॉकिंग. ते टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि ताकद तिथेच हरवते. हेड काही अंशांनी थंड राहिले, तर टायमिंग थोडे पुढे ठेवता येते. पण ते ट्यूनिंग करणाऱ्याने, म्हणजे ईसीयूच्या सेटिंग बदलणाऱ्याने, मुद्दाम पुढे आणावे लागते. नुसता थर्मोस्टॅट बदलून ताकद वाढल्याचे सांगणाऱ्यांचे मी ऐकून घेतो, इतकेच.

७१ अंशांचा थर्मोस्टॅट मीही एकदा बसवला होता, आणि तोही ट्यूनिंगला हात न लावता. मोकळ्या रस्त्यावर काटा मधल्या खुणेच्या बराच खाली राहू लागला, इंधन जास्त लागू लागले आणि काही दिवसांत इंजिनाचा दिवा लागला. कोड होता पी०१२८, म्हणजे कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही अशी ईसीयूची तक्रार. ऑइलचे झाकण उघडले तेव्हा आतून पिवळट, सायीसारखा थर दिसला. हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारे, सिलिंडर हेडखालचे पॅकिंग) गेले की काय, या शंकेने त्या रात्री झोप लागली नाही. प्रत्यक्षात ऑइल पुरेसे तापत नसल्यामुळे त्यातली वाफ बाहेर न पडता साचत होती. रोज थोड्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीत ही ओल आणि ऑइलमध्ये उतरणारे इंधन, दोन्ही इंजिनाची झीज वाढवतात.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या, ट्यून केलेल्या गाडीसाठी मी ८२ अंशांचा सुचवतो; ७१चा फक्त सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या गाडीला शोभतो. ज्या गाडीत ईसीयू थर्मोस्टॅटचे मेण विजेवर तापवून भार पडताच तापमान स्वतःच उतरवतो, तिथे हात लावू नये. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा उपाय तर मुळीच करू नये, कारण अनेक इंजिनांत त्याचीच दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. ती नसली की बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवतो, शेजारी थर्मामीटर धरतो आणि पाणी हळूहळू तापवतो. झडप किंचित उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टक्क करून तळाशी पडतो. तो आकडा मी डबीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल, तर मी तो परत करतो.