ट्रॉलरची नकाशावरची वाट

गेले काही महिने रात्री जेवणानंतर मी कोकणासमोरच्या समुद्राचा नकाशा उघडून मासेमारी नौकांच्या खुणा पाहत असतो. नौकेवरील ‘एआयएस’ यंत्र तिची ओळख, स्थान, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओ लहरींवरून प्रसारित करते. पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे, पृथ्वीच्या गोलाईआड गेलेली खोल समुद्रातील नौका किनाऱ्यावरील अँटेनाला सापडत नाही आणि तिथे उपग्रहाचाच आधार घ्यावा लागतो.

मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवतो तो वेग. बंदरातून निघालेला ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत मासे पकडणारी नौका, आठ-नऊ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) सरळ जातो, आणि जाळे पाण्यात पडले की तीन नॉटच्या आसपास येऊन त्याच पट्ट्यात पुन्हापुन्हा येरझारा घालतो. माशांच्या थव्याभोवती जाळे वेढणाऱ्या पर्ससीन नौकेचे वळण मात्र जवळजवळ पूर्ण वर्तुळाचे असते. तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, रात्रभर काय केले, हे त्या रेषेवरून कळते. (मासे किती मिळाले, ते अर्थातच कळत नाही.)

२०१७ च्या ओखी वादळात दूर गेलेल्या अनेक नौकांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही आणि केरळ-तमिळनाडूच्या कित्येक नौका भरकटत देवगडपर्यंत आल्या, हे मी विसरू शकत नाही. म्हणूनच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झालेली, एक लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे व घेणारे यंत्र) बसवण्याची योजना मला फार मोलाची वाटते, कारण त्यात निरोप दोन्ही बाजूंनी जातो: खलाशी संकटाचा संदेश पाठवू शकतो आणि किनाऱ्यावरून त्याला वादळाची सूचना मिळू शकते.