बर्फ बांधून झोपलेला पैलवान

क्लिनिक उघडून कॉटवरची चादर बदलत होते, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. थप्प... थप्प... टाच टेकायच्या आधीच पंजा आपटत कुणीतरी वर येत होतं. असं पाऊल मला बहुतेक कंबरेची गादी सरकलेल्या नाहीतर लकवा मारलेल्या माणसाचं ऐकायची सवय. आत आला तो ऐन विशीतला, कान मोडलेला पैलवान. मागं वस्ताद.

“मॅडम, ह्याचा पाय बघा. सकाळपास्नं पंजा वर उचलंना झालाय.”

पंजा खाली दाब म्हटलं तर गड्यानं माझा हात सहज रेटून नेला. वर उचल म्हटलं तर काहीच नाही. घोट्यापुढची शीर जरा थरथरली, बस्स. अंगठाही हलेना. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं, ते मात्र जोरात वळलं. कंबरेत नस दबली असती तर ही हालचालही ढिली पडली असती, त्यामुळं माझी पहिली शंका बरीचशी मिटली. कापूस फिरवला तर नडगीची बाहेरची बाजू आणि पंजाचा वरचा भाग बधिर. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला लालभडक चट्टा आणि त्याभोवती क्रेप बँडेजच्या विणीचे वळ.

“काय बांधलं होतंस रे इथं?”

पोरगं वस्तादांकडं बघायला लागलं. मग हळूच, “बर्फ.”

लढतीचा सराव करताना गुडघा मुरगळलेला, आणि जत्रांची मैदानं तोंडावर. परदेशातले खेळाडू धुरानं भरलेल्या डब्यात उभे राहतात आणि हसत बाहेर येतात, असले रील बघून ह्यानं मुंबईला जाऊन क्रायोथेरपी, म्हणजे अतिथंड हवेचा उपचार, करायचा हट्ट धरला होता. वस्तादांनी “तेवढ्या पैशात खुराक येतोय” म्हणून उडवून लावलं. मग ह्यानं घरीच सोय केली. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरला, दुखत होतं तिथं ठेवला, वरून बँडेज आवळलं आणि आडवा झाला. “बधिर झाल्यावर दुखायचं थांबलं मॅडम. लई बरं वाटलं, डोळाच लागला.”

त्याला बरं वाटलं ते खोटं नव्हतं. गारठ्यानं नसांमधून संदेश जायचा वेग मंदावतो, म्हणून दुखणं कमी कळतं. पण पंजा उचलायचा हुकूमही नसेतूनच जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, सुपारीएवढा हाडाचा उंचवटा हाताला लागतो. पंजा वर उचलणारी नस त्याच्या मागून वळसा घालून पुढं येते आणि तिथं तिच्यावर कातडीशिवाय जवळपास काही नसतं. नेमका तिथंच बर्फ, वर आवळपट्टी. गारठा आणि दाब, दोन्ही तिच्या वाट्याला आले.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. “नुसत्या बर्फानं ही गत, तर त्या डब्यात काय हुईल? त्यात म्हणं ते म्हशी भरवायला डॉक्टर टाकी आणतोय, तसलंच असतंय.”

टाकीचं त्यांनी बरोबर ओळखलं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, तो उणे 196 अंशांचा असतो आणि काही क्रायो मशिनं त्याच्याच वाफेवर चालतात. पण माणूस त्या द्रवात उतरत नाही. मी स्वतः मुंबईत एकदा हौसेनं उभी राहिलेय. अंग कोरडं, हातमोजे, जाड मोजे, आणि उणे 110 अंशांच्या आसपासची कोरडी हवा. तीन मिनिटांत बाहेर. पोटऱ्यांना टाचण्या टोचल्यासारखं झालं, बाहेर आल्यावर तरतरी वाटली आणि दुखरा खांदा संध्याकाळपर्यंत गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो होता तिथंच होता.

आकडा ऐकून छाती दडपते, पण हवा उष्णता हळू ओढते. वितळणारा बर्फ जेमतेम शून्य अंशाचा, पण कातडीला चिकटून तासन्‌तास उष्णता शोषत राहतो आणि आतपर्यंत जास्त गारवा नेतो. डब्याचे धोके वेगळे: बंद जागेत नायट्रोजन साठला तर प्राणवायू कमी पडतो, आणि 2015 साली अमेरिकेतल्या नेवाडात अशाच मशिनमध्ये एका तरुणीचा जीव गेला.

हा प्रकार जपानमध्ये 1978 च्या सुमारास डॉ. तोशिमा यामाउची यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी सुरू केला. पुढं खेळाडूंनी उचलला. स्नायूंच्या दुखण्यावर त्याचा ठाम उपयोग दाखवण्याइतका पुरावा नाही, असं उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात आहे; औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनंही 2016 मध्ये लोकांना तसंच सावध केलं. पैसे उतू जात असतील आणि तीन मिनिटं गंमत हवी असेल तर जा, माझी ना नाही. पण मधुमेहानं पाय बधिर झालेल्या, गारठ्यानं बोटं पांढरी पडणाऱ्या किंवा अंगावर पित्त उठणाऱ्या माणसाला मी बर्फसुद्धा जपून देते.

पोराला त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडं पाठवलं. नस तुटलेली नव्हती, झोपली होती. पंजा वर धरणारी पट्टी, हलका करंट आणि व्यायाम सुरू केले. जत्रांची मैदानं हुकली म्हणून गडी माझ्यावरच फुगून बसला होता. आधी अंगठा हलला, मग हळूहळू पंजा. पट्टी सुटली तेव्हा पाऊस लागला होता.

मधल्या काळात वस्तादांनी मला तालमीत बोलावलं. एकेका पोराच्या गुडघ्यावर पेनानं गोल काढून दाखवला: इथं बर्फ नाही. बाकी ठिकाणी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, न आवळता आणि जागेपणी. जाताना वस्तादांनी विचारलं, “आणि गरम पाण्यानं शेकलं तर चालंल न्हवं? न्हाईतर त्याला बी तुमचं काय तरी असंल.”

“आहे,” म्हटलं, “पण ते पुढच्या आठवड्यात.”