आमची वाटचाल : भोकं पाडलेल्या बादल्या

नागपुरातल्या इतवारीत बाबांचं बादल्या-ड्रमांचं ठोक दुकान. चांगल्या बादलीला भोकं पाडायची आणि तीच जास्त भावात विकायची, हा धंदा त्यांना आजही पटलेला नाही. 2017 च्या दिवाळीनंतर मी 20 लिटरच्या पहिल्या बादलीला ड्रिल लावलं, तेव्हा ते गल्ल्यावरून एवढंच म्हणाले, "काहून रे, मालाशी काय दुश्मनी?"

कारण घरातलंच होतं. बायकोने गच्चीवर कुंड्या मांडल्या होत्या. त्यांच्यासाठी खत विकत आणायचं आणि भाजीची सालं-देठं रोज कचरागाडीत टाकायची, हे दुकानदाराच्या डोक्याला खटकलं. म्हणून तळाला आणि बाजूंना भोकं, खाली थाळी, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर लाकडाचा भुसा. भुसा लकडगंजातल्या आरामशीनवरून पोत्याने मिळायचा. प्लायवूडचा नको, साध्या लाकडाचा हवा, हे दोन बादल्या बिघडल्यावर कळलं. दोन-अडीच महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं खत निघालं. शेजाऱ्यांनी बादल्या मागितल्या आणि आम्ही धंद्यात पडलो.

तेव्हा आमची भिस्त नियमांवर होती. 2016 च्या घनकचरा नियमांनी घराघरात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले होते, आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असंही. मला वाटलं, सरकारने फुकटचा सेल्समन दिला. मानेवाड्याकडच्या एका सोसायटीने एकदम 12 ड्रम घेतले. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या गणपतीत तिकडून गेलो तर ड्रम दिसले. वाळू भरून त्यात मांडवाचे बांबू रोवले होते. चार दिवस मी सोसायटीला नावं ठेवली. मग आठवलं, नारळ फुटल्यानंतर मी तिथे एकदाही पाय ठेवला नव्हता.

पत्रकांचीही तीच गत. गुळगुळीत, रंगीत पत्रकं छापून वाटली. त्रिमूर्तीनगरातल्या एका काकूंनी ते कौतुकाने बादलीच्या तळाला अंथरलं. खत काढायला गेलो तेव्हा खत झालं होतं, पत्रक मात्र जसंच्या तसं. वर प्लास्टिकचा थर होता ना! आमचा फोन नंबर स्वच्छ वाचता येत होता.

लोकांना कळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून सगळं गाव ओरडतं, आणि एकदा वेशीबाहेर गेली की पीडा आपली राहत नाही. कचऱ्याची मारबत आपण रोज सकाळी काढतो. ती भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते हे नागपुरात लहान पोरालाही माहीत आहे. ढिगात दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, त्यातून मिथेन वायू निघतो आणि उन्हाळ्यात तिथे आगी लागतात, हे सांगितलं की माना हलतात. पण मान हलली म्हणजे सवय लागली असं नाही. "स्वच्छतेत नावाजलेलं इंदूर पाहून या," असं तर आम्हालाच ऐकवतात.

सगळ्यात पक्का सवाल मात्र वेगळाच असतो: "आम्ही वेगळा करू जी, पण पुढे एकत्रच होऊन राहिला तर?" यावर सुरुवातीला मी व्यवस्थेची बाजू मांडत बसायचो. आता सांगतो, ओला कचरा घराबाहेर गेलाच नाही तर तो कोण कशात मिसळणार? आणि ओलं निघून गेलं की सुका कोरडा राहतो. पुठ्ठ्याला, बाटलीला भंगारात भाव येतो. हा हिशेब भाषणापेक्षा लवकर उतरतो.

मग आम्ही दर बदलला. बादली जवळजवळ खरेदीच्या भावात आणि तीन महिन्यांत घरी येऊन बादली पाहायच्या सहा भेटींचे पैसे वेगळे. गिऱ्हाईक कमी झालं, पण टिकलं. भेटी देणाऱ्या आमच्या ताई आधी सुका कचरा वेचायच्या. मी "कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण" म्हणायचो, त्या म्हणतात, "भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता ना? तसं ओलं झालं की भुसा टाका." आणि एक गोष्ट त्यांनीच शिकवली: मालकिणीशी बोलून उपयोग नाही, पोळ्यावाल्या मावशी यायच्या वेळेला जायचं. कचरा कुठल्या डब्यात पडतो ते मावशीच ठरवतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं ठेवायचं, हेही मावशींशी ताईच बोलतात. मी बाहेर चपला घालून उभा.

जुलै लागला की फोन सुरू. "भाऊ, अळ्या पडल्या!" पंधरा फोनांतले दहा तरी याच अळ्यांचे. बहुतेक वेळा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. फक्त ओल वाढली एवढं सांगायला आलेल्या असतात. फोनवर हे कुणाला पटत नाही. ताई जातात, हात घालून दाखवतात, भुसा मिसळतात, चहा पिऊन येतात. ही एक भेट चुकली की बादली गेलीच समजा.

संत्र्याच्या दिवसांत वेगळं दुखणं. किलो-किलो सालं एकदम पडली की बादली आंबते. गच्चीवर वाळवून, चुरून टाकली तर निभतं. मे महिन्यात 45 अंशांत उलट सगळं वाळून खडखडीत होतं, काम थांबतं. तेव्हा बादली कूलरजवळ सावलीत ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. सावजी मटणाची हाडं मात्र घालू नका, मांजरं झाकण ठेवत नाहीत.

कूलरवरूनच यंदा एक सुचलं. पाऊस लागला की घरोघरी कूलरचं जुनं गवत निघतं आणि सरळ कचरागाडीत जातं. म्हणजे बादल्यांना कोरडा माल हवा असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत! जूनमध्ये ओळखीच्या घरांतून आम्ही ते गोळा केलं, वाळवलं, कापलं आणि भुशाऐवजी दहा बादल्यांत घातलं. भुशापेक्षा हवा चांगली खेळते, कुजायला वेळ घेतं का ते दसऱ्यापर्यंत कळेल. उरलेली पोती गोदामात आहेत. बाबा रोज सकाळी शटर उघडतात, पोत्यांकडे पाहतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "बादल्यांचं दुकान होतं जी, पोराने गोठा करून टाकला."