तीनशे मीटर, पण पायऱ्या किती?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते आणि तिला समुद्रावर जायचं होतं. रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी किनाऱ्यापर्यंत जाऊन नुसतं बसायचं, एवढीच तिची मागणी. गर्दी नको, रात्री लाउडस्पीकर नको. मी म्हटलं, एवढंच ना, तासाभरात बुक करते. तीन आठवडे लागले.

बुकिंगच्या साइटवर एका शांत गावातलं घर लगेच आवडलं. 'समुद्रापासून ३०० मीटर.' भावाने शेजारी बसून सॅटेलाइट नकाशा उघडला आणि माझा उत्साह उतरवला. ते ३०० मीटर कावळ्याने सरळ उडत जायचे होते. घर कड्यावर, पुळण खाली, आणि रस्ता मोठा वळसा घालून जाणारा. मालकांना फोन केला. म्हणाले, "पायऱ्यांची जवळची वाट आहे ना!" किती पायऱ्या? जरा थांबले. "मोजल्या नाहीत कधी." जो माणूस रोज चढतो-उतरतो त्याला त्या मोजाव्या लागत नाहीत, हे खरंच. पण ते घर आमच्यासाठी संपलं.

त्यानंतर फोटो बघायची माझी पद्धतच बदलली. मोबाइलच्या ०.५ च्या, म्हणजे रुंद दाखवणाऱ्या लेन्सने कोपऱ्यात उभं राहून काढलं की खुराडंसुद्धा दिवाणखाना दिसतं. फोटोच्या कडेची उशी किंवा खुर्ची विचित्र ताणलेली दिसली, की समजावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशाचा फोटोच नाही ते बघायचं. बारा फोटोंत सूर्यास्त चार, बाथरूम एकही नाही! मला तर बाथरूमचा उंबराच बघायचा होता. शेवटी मी सरळ मागणी करायला लागले: फाटकापासून बाथरूमपर्यंत न थांबता चालत एक व्हिडिओ काढून पाठवा. पाच जणांना सांगितलं, दोघांनी पाठवला. निवड निम्मी तिथेच झाली.

'सी व्ह्यू' या शब्दाबद्दल फार बोलत नाही. एका ठिकाणी तो गच्चीवरच्या टाकीशेजारी उभं राहिल्यावर मिळणार होता.

मध्येच एक घर निम्म्या दरात दिसलं. तळमजला, समोर वाळू, अंगणात झोपाळा. मालक मेसेजवर फार गोड बोलत होते, फक्त त्यांना पैसे साइटवरून नको होते. पूर्ण रक्कम, थेट खात्यात, आणि आजच, कारण 'दुसरी पार्टी थांबली आहे'. खात्यावरचं नाव तिसऱ्याच माणसाचं. मी त्या झोपाळ्याचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तोच झोपाळा भलत्याच देशातल्या भलत्याच घराच्या जाहिरातीत झुलत होता. खरं सांगायचं तर फोटो शोधायच्या आधी मी बँकेचं अॅप उघडलं होतं. तीन आठवड्यांच्या शोधाने माणूस इतका थकतो.

रिव्ह्यूंमध्ये मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून दिले. तीनवाले नीट लिहितात. शिवाय रिव्ह्यूचा महिना बघायचा. 'अतिशय शांत' हे ऑफ सीझनला आलेल्या माणसाने लिहिलेलं असेल, तर सुट्टीच्या दिवसांत त्याचा उपयोग नाही. आम्हीही ऑफ सीझनलाच जाणार होतो, तेव्हा प्रश्न उलटा होता: त्या आठवड्यात गावात उघडं काय असतं? एका मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आम्ही, आणि औषधांचं दुकान." म्हणून स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यायचं ठरलं. कडीला गंज, आरशावर डाग अशा तक्रारी मात्र मी मनावर घेतल्या नाहीत. खाऱ्या हवेत लोखंड गंजणारच.

घर ठरल्यावर मी हुशारी करायला गेले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे ज्या किनाऱ्यावर आज दुपारी चारला पूर्ण भरती असेल, तिथे सहा दिवसांनी ती रात्री नऊच्या सुमाराला येणार. आमच्या तारखांना पौर्णिमा होती, म्हणजे उधाण, आणि तिथली भरतीची वेळ नेमकी संध्याकाळची. मालक म्हणाले, "तेव्हा वाळू उरत नाही, पाणी कठड्याला लागतं." मी तारखा आठवडाभर पुढे ढकलायला निघाले. आईला सांगितलं, तर म्हणाली, "अगं, वाळूत बसले तर मला उठवणार कोण? कठडाच बरा. आणि पाणी जवळ येतंय तर येऊ दे की."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तारखा तशाच ठेवल्या. थोडा अ‍ॅडव्हान्स साइटवरूनच भरला आणि सात दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल, हे मालकांकडून मेसेजवर लिहून घेतलं.

फाटक ते कठडा एकशे चाळीस पावलं निघाली, एकही पायरी नाही. आईने पहिल्याच संध्याकाळी मोजली. पण पलंग इतका बुटका, की सकाळी तिला त्यावरून उठता येईना. उंबरा विचारला, पायऱ्या विचारल्या, पलंगाची उंची विचारायची राहिली. मालकांनी काही न बोलता वरच्या खोलीतली गादी आणून खालच्या गादीवर टाकली, आणि आईला म्हणाले, "बसून बघा, अजून एक आहे."